उत्तर-आधुनिक जपानी कादंबरी वाचायची कशी: आधी रचना, मग अर्थ

उत्तर-आधुनिक कादंबरी म्हणजे, ढोबळमानाने, एकच खरी, अखंड गोष्ट सांगण्यावर विश्वास नसलेली कादंबरी. जपानी लेखक हारुकी मुराकामी यांची अशी एखादी जाडजूड कादंबरी उत्साहाने हातात घेतलेला वाचक बहुतेक वेळा दीडशे-दोनशे पानांवर थबकतो. माणूस मांजरांशी बोलतो, विहिरीत उतरलेला नायक भलतीकडेच पोहोचतो, बायको घर सोडून का गेली ते धड कळत नाही. मग पुस्तक तरी बाजूला पडतं, नाहीतर प्रत्येक गोष्टीला प्रतीक ठरवण्याचा खटाटोप सुरू होतो. विहीर म्हणजे काय? मांजर म्हणजे कोण? या दोन्हींपेक्षा सोपी वाट आहे. अर्थाचा पिच्छा थोडा वेळ सोडा आणि कादंबरीची बांधणी बघा. कोण सांगतंय, कुठे बसून सांगतंय, कुणाला सांगतंय, आणि दोन सांगणाऱ्यांच्या मधे काय राहून गेलंय. या कादंबऱ्यांची खरी घडामोड त्या राहून गेलेल्या जागेत चालते, असं माझं ठाम मत आहे. ती जागा दिसायला लागली की मांजरांचा त्रास होत नाही.

खालच्या पायऱ्या अगदी नवख्या वाचकासाठी आहेत. जपानी येत असण्याची गरज नाही. इथली सगळी पुस्तकं इंग्रजी भाषांतरात मिळतात, अपवाद एका कादंबरीचा, तो तिथेच सांगेन.

पहिली पायरी: कादंबरी नको, एक कथा घ्या

सुरुवात रिउनोसुके अकुतागावा यांच्या ‘इन अ ग्रोव्ह’ या कथेपासून करा. ही १९२२ची, म्हणजे उत्तर-आधुनिक वगैरे शब्द साहित्यात रुळायच्या कितीतरी आधीची. पण पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांची चावी इथे आहे आणि वाचायला अर्धा तास पुरतो.

बांबूच्या बनात एका सामुराईचं प्रेत सापडतं. कथेत सात जबान्या आहेत आणि बाकी काहीही नाही. निवेदक नाही, शेवटी उलगडा करणारा कुणी हुशार अधिकारी नाही. लाकूडतोड्या, फिरता भिक्षू, पोलिसांचा माणूस, म्हातारी सासू, दरोडेखोर ताजोमारू, मेलेल्याची बायको, आणि शेवटी एका अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून खुद्द मेलेला सामुराई. वाचताना वहीत प्रत्येक जबानीपुढे दोन गोष्टी लिहा: हा माणूस कुणासमोर बोलतोय, आणि बोलल्याने त्याच्या पदरात काय पडतंय.

पहिले पाच जण अधिकाऱ्यापुढे बोलतात. बायको मात्र कियोमिझूच्या देवळात कबुली देते. मेलेला माणूस तर कायद्याच्या पलीकडेच गेलाय. आणि गंमत अशी की खुनाच्या गोष्टीत सहसा जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, इथे तिघंही म्हणतात, मीच मारलं. दरोडेखोर म्हणतो मी, बायको म्हणते मी, सामुराई म्हणतो मी स्वतःच माझा जीव घेतला. म्हणजे शिक्षा टाळण्यासाठी कुणी खोटं बोलत नाहीये. प्रत्येकाला स्वतःची एक प्रतिमा जपायची आहे आणि त्यासाठी खुनाचा आळही परवडतो. हे लक्षात आलं की ‘मग खरं काय घडलं?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘याला ही गोष्ट अशीच का सांगायची आहे?’ हा पुढे येतो. हा बदल या संपूर्ण वाचनाचा पाया आहे, म्हणून घाई करू नका. कथा दोनदा वाचा.

अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (१९५०) याच कथेवर आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. सिनेमा जरूर बघा, पण कथा वाचल्यानंतर. सिनेमात लाकूडतोड्याला शेवटी आणखी एक हकिगत सांगायला दिली आहे, ती कथेत नाही. तिच्यामुळे प्रेक्षकाला थोडा आधार मिळतो. अकुतागावा तो आधार देत नाहीत.

दुसरी पायरी: दोन रुळांची कादंबरी

आता मुराकामी, पण त्यांची सगळ्यात गाजलेली नव्हे, सगळ्यात नेटकी बांधलेली कादंबरी: ‘हार्ड-बॉइल्ड वंडरलँड अँड द एंड ऑफ द वर्ल्ड’. १९८५ साली आली आणि त्याच वर्षी तिला तानिझाकी पुरस्कार हा जपानमधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. चाळीस प्रकरणं आहेत. विषम क्रमांकाची प्रकरणं जवळच्या भविष्यातल्या वाटणाऱ्या तोक्योत घडतात: गुप्त माहिती, टोळ्या, जमिनीखालची प्रयोगशाळा. सम क्रमांकाची प्रकरणं उंच भिंतीने वेढलेल्या एका शांत गावात घडतात. तिथे एकशिंगी जनावरं आहेत, आणि गावात शिरताना माणसाला स्वतःची सावली द्वारपालाकडे कापून द्यावी लागते. दोन्हीकडे सांगणारा ‘मी’ आहे. दोन्हीकडे त्याला नाव नाही.

नवखा वाचक इथे एक चूक हमखास करतो. त्याला एक रूळ जास्त आवडतो, बहुधा तोक्योचा, आणि दुसरा तो भराभर उलटतो. तसं करू नका. जात्याच्या दोन तळ्या असतात, पण पीठ पडतं ते मधल्या फटीतून. ही कादंबरी अगदी तशी चालते.

पहिलंच प्रकरण जवळून बघू. नायक एका प्रचंड लिफ्टमधे उभा आहे. लिफ्ट इतकी सावकाश चाललीय की ती वर जातेय, खाली जातेय की उभीच आहे, हेही त्याला कळत नाही. वेळ घालवायला तो खिशातली नाणी मोजतो, पण कशी? उजव्या हाताने उजव्या खिशातली आणि डाव्या हाताने डाव्या खिशातली, दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळी. शेवटी दोन्ही आकड्यांची बेरीज. मेंदूच्या दोन बाजू एकमेकींपासून सुट्या वापरायची ही त्याची सवय, कारण त्याचा धंदाच तो आहे. आणि त्या दिवशी त्याचा हिशेब चुकतो.

पहिल्यांदा वाचताना हा नुसता गमतीदार तपशील वाटतो. प्रत्यक्षात मुराकामींनी चाळीस प्रकरणांचा आराखडा तिथे उघडा करून ठेवलाय. एका डोक्यात दोन सुटे हिशेब चालू आहेत, त्यांची बेरीज व्हायला हवी, आणि ती बेरीज जुळणार नाही.

मग प्रकरणांची शीर्षकं बघा. तोक्योच्या प्रत्येक शीर्षकात स्वल्पविराम देऊन तीन गोष्टी कोंबलेल्या आहेत. पहिल्याचंच घ्या: लिफ्ट, शांतता, लठ्ठपणा. गावाकडची शीर्षकं एका दमात संपतात: सोनेरी जनावरं, ग्रंथालय, सावली. एका जगात वस्तूंची खच्चून गर्दी, दुसऱ्यात एकेकच वस्तू. अनुक्रमणिका वाचूनच दोन्ही जगांचा श्वास कळतो, म्हणून कादंबरी सुरू करण्याआधी अनुक्रमणिका सावकाश वाचा. सहसा आपण ती ओलांडून पुढे जातो.

आता काम. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे विषम प्रकरणं, उजवीकडे सम. दोन्हीकडे आढळणारी वस्तू दिसली की रेघेवर लिहा. पहिली सापडेल ती कवटी. तोक्योत प्राध्यापक नायकाला एक कवटी भेट देतो. गावात नायकाचं कामच ग्रंथालयात बसून जनावरांच्या कवट्यांमधली जुनी स्वप्नं वाचण्याचं आहे. नंतर ग्रंथालयात काम करणारी मुलगी दोन्हीकडे आहे. शेवटाकडे ‘डॅनी बॉय’ हे गाणं दोन्हीकडे ऐकू येतं. तिथे पोहोचाल तेव्हा तुमच्या रेघेवर सात-आठ नोंदी झालेल्या असतील आणि दोन रुळांचं नातं काय, हे लेखकाने सांगायच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल. ते मी इथे फोडत नाही.

हीच पद्धत ‘काफ्का ऑन द शोअर’ला (२००२) लावता येते, फक्त तिथे फट जास्त रुंद आहे. विषम प्रकरणांत पंधरा वर्षांचा काफ्का तामुरा स्वतः बोलतो, वर्तमानकाळात. सम प्रकरणांत म्हाताऱ्या नाकाता यांची गोष्ट बाहेरून, भूतकाळात सांगितली जाते. दोघंही तोक्योच्या नाकानो भागातून निघतात, दोघंही शिकोकू बेटावर पोहोचतात आणि एकमेकांना कधीच भेटत नाहीत. पुस्तक आल्यावर वाचकांनी प्रश्नांचा पाऊस पाडला तेव्हा मुराकामींनी सांगितलं होतं की यात पुष्कळ कोडी आहेत, पण उत्तरं दिलेली नाहीत. कोडी एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक वाचकाचं उत्तर वेगळं आकार घेतं. कुणी याला पळवाट म्हणेल. वहीतली मधली रेघ भरलेल्या वाचकाला ती पळवाट वाटणार नाही.

‘वनक्यू८४’ (२००९-१०) इतक्यात नको. पहिल्या दोन खंडांत चोवीस-चोवीस प्रकरणं, आओमामे आणि तेंगो आळीपाळीने, बाख या जर्मन संगीतकाराच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’ या रचनासंग्रहाच्या धर्तीवर. आराखडा देखणा आहे, पण पसारा नवख्याला दमवतो.

तिसरी पायरी: कादंबरीतली कादंबरी

योको ओगावा यांची ‘द मेमरी पोलीस’ मूळ जपानीत १९९४ची. इंग्रजीत यायला २०१९ उजाडलं. एका बेटावरून एकेक वस्तू नाहीशी होत जाते. टोप्या जातात, पक्षी जातात, आणि लोकांच्या मनातून त्यांची आठवणही पुसली जाते. ज्यांना आठवतं त्यांना पोलीस उचलून नेतात. निवेदिका कादंबरीकार आहे आणि आपल्या संपादकाला तिने घरातल्या चोरखोलीत लपवलंय.

हे सगळं सरळ चालत असताना अधूनमधून तिच्या कादंबरीची पानं येतात. त्यात एक टायपिस्ट आहे. तिचा आवाज गेलाय, ती टाइप करूनच बोलते, आणि तिचा टायपिंगचा शिक्षक तिला घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवतो. वाचकाने दोन कोंडलेल्या खोल्या शेजारी ठेवून बघाव्यात. बाहेरच्या गोष्टीत बाई पुरुषाला वाचवण्यासाठी लपवते. आतल्या गोष्टीत पुरुष बाईला संपवण्यासाठी कोंडतो. तीच खोली, उलटा हेतू. बाहेरची निवेदिका जे स्वतःबद्दल बोलू शकत नाही, ते आतलं पुस्तक बोलून टाकतं. कादंबरीत कादंबरी आली की एवढंच विचारा: आतली गोष्ट बाहेरचीला दुजोरा देते, की तिच्याविरुद्ध साक्ष देते? ओगावांच्या बाबतीत दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच हे पुस्तक मला नवख्यांसाठी सगळ्यात मोलाचं वाटतं. भाषा साधी, पात्रं मोजकी, रचना मात्र पक्की.

चौथी पायरी: कागदपत्रांची चळत

कोबो आबे यांची ‘द बॉक्स मॅन’ (१९७३) अवघड आहे, हे आधीच सांगतो. इथवर आला असाल तरच घ्या.

कमरेपर्यंत पुठ्ठ्याचं खोकं अंगावर चढवून, त्याला खिडकी पाडून, त्यातून शहराकडे बघत जगणारा माणूस. त्याने खोक्यात बसून लिहिलेली वही म्हणजे ही कादंबरी. पण वहीत काय काय आहे ते बघा. सुरुवातीला तोक्योतल्या भटक्या लोकांच्या धरपकडीची बातमी. मग खोकं कसं बनवायचं याची रीतसर कृती, साहित्याच्या यादीसकट: खोकं, प्लास्टिकचा कागद, चिकटपट्टी, तार, सुरी. मग ‘अ’ नावाच्या एका माणसाची हकिगत. खिडकीखाली येऊन बसणाऱ्या खोकेवाल्यावर तो छऱ्याची बंदूक झाडतो आणि पुढे स्वतःच खोक्यात शिरतो. मधे आबे यांनी स्वतः काढलेली छायाचित्रं. पुढे एक डॉक्टर येतो, त्याला खोकेवाला व्हायचंय, आणि मग वहीतला ‘मी’ नेमका कोणता, याचीच खात्री उरत नाही.

इथे पात्रांची यादी करून उपयोग नाही. यादी कागदांची करा. प्रत्येक तुकडा सुरू झाला की समासात लिहा: बातमी, कृती, कबुली, पत्र, जबानी. आणि त्यासमोर, हा कागद कोण लिहू शकला असता? एकाहून जास्त नावं सुचली तर सगळी लिहा, खोडू नका. वाचून संपेल तेव्हा लक्षात येईल की खोक्याला तोंड नसतं, त्यामुळे आत कुणीही बसू शकतो. आणि वहीतल्या ‘मी’चंही तसंच आहे. आबे यांनी विषय आणि बांधणी यांच्यात अंतरच ठेवलेलं नाही. माझ्या मते विसाव्या शतकातल्या जपानी कादंबरीत इतकी धाडसी बांधणी क्वचितच सापडेल.

कागदपत्रांचा आणखी एक प्रकार यासुओ तानाका यांच्या ‘सम्हाउ, क्रिस्टल’मधे दिसतो. १९८० साली मासिकात आलेली ही छोटी कादंबरी तोक्योतल्या एका कॉलेजकन्येची आहे. ती मॉडेलिंगही करते. कथानक नावापुरतंच. पण तिला ४४२ टिपा आहेत, मूळ पुस्तकात मजकुरासमोरच्या पानावर छापलेल्या. दुकानं, कपड्यांचे ब्रँड, गायक, रेस्तराँ. मजकुरातली मुलगी मजेत जगत असते आणि समोरच्या पानावरचा आवाज तिच्या जगाचा पंचनामा करत असतो. शेवटी छापलंय काय, तर जपानची लोकसंख्या म्हातारी होत चालल्याचे आकडे. चंगळीच्या कादंबरीचा शेवट सरकारी आकड्यांवर करणं ही त्या काळी केवढी दूरदृष्टी होती! टिपा टाळून हे पुस्तक वाचलं तर हातात काहीच येणार नाही.

यासुताका त्सुत्सुई यांनी १९८९च्या एका कादंबरीत याहून पुढची गोष्ट केली. प्रकरणागणिक जपानी वर्णमालेतला एकेक उच्चार कमी होत जातो, आणि तो उच्चार ज्यांच्या नावात आहे त्या वस्तू, ती माणसंही गोष्टीतून नाहीशी होतात. वर म्हटलेला अपवाद तो हाच. तिचं भाषांतर करणं जवळपास अशक्य आहे.

पाचवी पायरी: इतिहास कुठे दुमडलाय ते शोधा

अशी बांधणी या लेखकांना का करावीशी वाटली? केवळ पाश्चात्त्य फॅशन म्हणून नव्हे. कादंबरीकार केन्झाबुरो ओए १९३५ साली जन्मले. १९४५ मधे शरणागती जाहीर करणारा सम्राटाचा आवाज रेडिओवर ऐकू आला आणि ज्याला देव म्हणून शिकवलं होतं तो माणसासारखा बोलला, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. देशाची एक अखंड गोष्ट एका दुपारी मोडली. पुढे १९६० मधे अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध प्रचंड आंदोलन झालं, तरी करार झालाच. १९६८-६९ची विद्यार्थी चळवळ विरली आणि १९७२ मधे आसामा डोंगरातल्या एका विश्रामगृहात तिच्या अतिरेकी टोकाचा रक्तरंजित शेवट सगळ्या देशाने टीव्हीवर बघितला. मुराकामी त्या चळवळीच्या काळात वासेदा विद्यापीठात होते. एकच मोठी गोष्ट सांगणाऱ्यांवर या पिढ्यांचा विश्वास का राहिला नाही, हे यातून कळतं.

ओए यांची ‘द सायलेंट क्राय’ (१९६७) याच पायरीवर वाचावी. ती उत्तर-आधुनिक म्हणावी की नाही यावर अभ्यासक वाद घालतात. रचनेपुरतं बघायचं तर ती या वाटेवरचा मोठा दगड आहे. मित्सू आणि ताकाशी हे दोन भाऊ शिकोकूमधल्या आपल्या डोंगरी गावी परततात. शंभर वर्षांपूर्वी, १८६० साली, तिथे शेतकऱ्यांचं बंड झालं होतं आणि त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ त्याचा पुढारी होता. ताकाशीला तो वीर वाटतो. मित्सूला शंका आहे. ताकाशी गावातल्या पोरांची फुटबॉलची टोळी जमवतो आणि १९६०चं दशक १८६०ची नक्कल करू लागतं. त्यात १९४५ मधे मारल्या गेलेल्या त्यांच्या एका थोरल्या भावाची तिसरी घडी आहे, आणि तो प्रसंग दोघा भावांना वेगवेगळा आठवतो.

इथे वहीत तीन साल लिहा: १८६०, १९४५, १९६०चं दशक. पूर्वजांबद्दल नवी माहिती आली की ती कुणी दिली आणि त्यामुळे आधीची कुठली समजूत ढासळली, एवढंच टिपा. दर पन्नास-साठ पानांनी बंडाची गोष्ट बदलते. भूतकाळ इथे पार्श्वभूमीला नाही. तो कथानकासारखा पुढे सरकतो. १९९४ मधे ओए यांना नोबेल मिळालं, त्यात या कादंबरीचा मोठा वाटा होता.

हे वाचून झालं की मुराकामींच्या ‘द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल’मधली लेफ्टनंट मामिया यांची लांबलचक हकिगत आगंतुक वाटणार नाही. तोक्योतल्या बेकार तरुणाच्या गोष्टीत मंगोलियाच्या सरहद्दीवरची विहीर का येते, हे तुम्ही आता स्वतःच शोधाल.

शेवटचं काम: प्रत पारखून घ्या

रचना बघायची तर पुस्तक पूर्ण हवं. ‘वाइंड-अप बर्ड’चं १९९७चं इंग्रजी भाषांतर करताना भाषांतरकार जे रुबिन यांना प्रकाशकाच्या अटीमुळे बराच मजकूर गाळावा लागला आणि काही प्रकरणांचा क्रमही बदलला. ‘हार्ड-बॉइल्ड वंडरलँड’चं आल्फ्रेड बर्नबॉम यांनी केलेलं १९९१चं भाषांतर झोकदार आहे, पण त्यातही काटछाट आहे. त्यांनी दोन रूळ ओळखू यावेत म्हणून एक भूतकाळात आणि दुसरा वर्तमानकाळात ठेवला. २०२४ मधे रुबिन यांनी याच कादंबरीचं संपूर्ण भाषांतर केलं, आणि मुळातल्याप्रमाणे शीर्षकात ‘एंड ऑफ द वर्ल्ड’ आधी आलं. परवडत असेल तर हेच घ्या. बर्नबॉमची प्रत स्वस्तात जुनी मिळाली तर तीही चालेल. कवटी, गाणं, नाणी सगळं तिच्यात आहे.

त्यानंतर ‘द सिटी अँड इट्स अन्सर्टन वॉल्स’ उघडा. भिंतीआडचं हे गाव मुराकामींनी प्रथम १९८० साली एका मासिकातल्या दीर्घकथेत रचलं. ते त्यांना पटलं नाही, म्हणून ती कथा त्यांनी पुस्तकात घेऊ दिली नाही. १९८५ मधे त्याच गावाला तोक्योचा दुसरा रूळ जोडला, आणि २०२३ मधे पुन्हा तिथेच परतले. या वेळी प्रकरणं आळीपाळीने येत नाहीत. पहिल्या भागात दोन जगं सोबत चालतात, पण दुसरा लांबलचक भाग जवळपास सगळाच भिंतीच्या या बाजूला, फुकुशिमातल्या एका डोंगरी गावच्या ग्रंथालयात घडतो. आधीची वही काढा, मधली रेघ तशीच ठेवा, आणि या वेळी रेघ ओलांडून कोण जातं तेवढं टिपत जा.